ग्रंथालयाखालचा ड्रॅगन

गेल्या श्रावणात माझ्या दहा वर्षांच्या मुलीला कावीळ झाली. तीन आठवडे अंथरुणातून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शाळा बंद, खेळ बंद, ताटात मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण. बाहेर पावसाची झड लागलेली. वाचायला घेतलं की तिचे डोळे दुखत. मग दुपारी आम्ही दोघी एका चादरीत पाय घालून 'वन्स अपॉन अ टाइम' ही मालिका बघायला लागलो. पिवळसर झालेल्या डोळ्यांनी ती परीकथेतलं ते जग बघायची आणि मधेच चित्र थांबवून प्रश्न विचारायची. पहिल्याच आठवड्यात तिने दोन प्रश्न विचारले. "कॅसल म्हणजे किल्ला की राजवाडा?" आणि "ड्रॅगनला मराठीत काय म्हणतात?"

दोन्हींची उत्तरं मला चटकन देता आली नाहीत. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तटबंदी, बुरूज, चोरदिंडी आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी उभी राहतात. राजवाडा म्हटलं की दिवाणखाने आणि झुंबरं. कॅसल या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. ड्रॅगनला तर आपल्याकडे शब्दच नाही. पुरलेल्या धनावर वेटोळं घालून बसलेला म्हातारा नाग आजीच्या गोष्टींत असायचा, तोच काय तो त्याचा जवळचा नातेवाईक. मी तिला म्हटलं, "बघत राहू. गोष्टच सांगेल."

गोष्टीने खरंच सांगितलं, पण मला वाटलं होतं ते नाही.

ही मालिका अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर २३ ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाली आणि मे २०१८ मध्ये संपली. सात पर्वं, १५५ भाग. एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ हे तिचे निर्माते-लेखक. परीकथेतली दुष्ट राणी रेजिना सगळ्यांवर एक शाप टाकते आणि स्नो व्हाइटपासून लाल टोपीवाल्या मुलीपर्यंत सगळे जण अमेरिकेच्या मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक नावाच्या लहानशा गावात येऊन पडतात. आपण कोण होतो हे कुणालाच आठवत नाही. स्नो व्हाइट शाळेत शिकवते, तिचा राजपुत्र रुग्णालयात बेशुद्ध पडून आहे आणि राणी गावची नगराध्यक्ष आहे. मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाआठावर थांबलेलं. अठ्ठावीस वर्षांनी एमा नावाची मुलगी तिथे येते. ती स्नो व्हाइटची लेक, पण तिला ते ठाऊक नाही. तिला तिथे घेऊन येणारा हेन्री हा तिनेच जन्म देऊन सोडलेला आणि राणीने दत्तक घेतलेला मुलगा. वय वर्षं दहा. त्याचं वय कळताच माझी मुलगी चादरीत ताठ उठून बसली होती.

पहिल्या भागात स्नो व्हाइटचं लग्न आहे. उंच छताचा दरबार, नटलेले पाहुणे, दारावर पहारेकरी. एवढ्यात दारं उघडतात आणि काळ्या पोशाखातली राणी सरळ चालत आत येते. पहारा तिला अडवू शकत नाही. राजपुत्र तलवार फेकून मारतो, तर ती धुरासारखी विरून जाते. पुढे शाप येतो तेव्हाही तो वाडा कुणालाच वाचवू शकत नाही. त्या अफाट वास्तूत एकच गोष्ट कामाला येते, ती म्हणजे जादूच्या झाडापासून केलेलं एक कपाट. राजपुत्र एका हातात तान्ही एमा घेऊन दुसऱ्या हाताने शिपायांशी लढतो, बाळाला कपाटात ठेवतो आणि दार लावतो. ते दृश्य आम्ही दोनदा पाहिलं. शंभर खोल्यांच्या वाड्यात रक्षण करणारी जागा उरते ती एका बाळाच्या मापाची.

पडद्यावरचे असे कॅसल बघताना मला नेहमी बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइनची आठवण होते. राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं. तोवर युरोपात रेल्वे धावू लागली होती आणि तोफांपुढे तटबंदीला अर्थ उरला नव्हता. त्या वास्तूची कल्पनाचित्रं काढली ती क्रिस्टियान यांक या रंगभूमीसाठी देखावे रंगवणाऱ्या चित्रकाराने. आत गरम हवेने खोल्या उबदार ठेवायची सोय होती. शत्रू येणार म्हणून तो बांधलेलाच नव्हता. एका एकाकी राजाला जुन्या दंतकथांत राहायचं होतं म्हणून तो बांधला होता. १३ जून १८८६ रोजी राजा तळ्यात मृतावस्थेत सापडला आणि सातच आठवड्यांनी, १ ऑगस्टला, त्याचं ते खासगी स्वप्न तिकीट लावून लोकांना खुलं झालं. पुढे १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उभं राहिलं, तेव्हा तिथल्या निद्रिस्त राजकन्येच्या वाड्याने याच्याकडूनच रूप घेतलं. एबीसी वाहिनी डिस्नीचीच. म्हणजे या मालिकेतल्या कॅसलचा पूर्वज हा लढाईचा किल्ला नाहीच. तो इच्छेचा किल्ला आहे.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या एकाच बैठकीत लुडविगचे राजवाडे आणि मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मुलीचं आजारपण त्यानंतर लगेचच सुरू झालं, त्यामुळे ती बातमी आमच्या बोलण्यात होतीच. राजगडावर ती माझ्याबरोबर चढली आहे. "राजगडाला झुंबर नाही," ती म्हणाली. "पण राजगडावर खरोखर कुणीतरी राहून लढलं." मी तिला म्हटलं, "लुडविगही लढतच होता, फक्त त्याचा शत्रू बाहेर दिसत नव्हता." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग कॅसल म्हणजे मनातला किल्ला." त्या दिवशी तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं.

मालिका कशी तयार झाली हे कळल्यावर तर ते उत्तर मला आणखी पटलं. परीकथेतले कित्येक दरबार आणि दालनं प्रत्यक्षात नव्हतीच. नट हिरव्या भिंतींपुढे उभे राहून बोलत आणि खांब, कमानी, खिडक्या नंतर संगणकावर भरल्या जात. स्टोरीब्रुकचे रस्ते मात्र खरे, कॅनडातल्या रिचमंडमधल्या स्टीव्हस्टन या मच्छीमारी गावातले. आणि खिळे-फळ्या ठोकून उभा केलेला एक किल्लाही खरा होता. तो हेन्रीचा. समुद्राकाठी मुलांच्या खेळण्यासाठी लाकडाचा एक मनोरा उभारलेला आहे, ऊन-पावसाने फळ्या करड्या पडलेल्या. हेन्री तिथे एकटा जाऊन बसतो, पाय खाली सोडून पाण्याकडे बघत. पहिल्या भागात एमा त्याला तिथेच शोधून काढते. ती त्याच्या शेजारी बसते, तेव्हा वाऱ्याने दोघांचे केस उडत असतात. मालिकेतल्या सगळ्या महालांपेक्षा मला ही जागा राजेशाही वाटली. इथे दार नाही, पहारा नाही. इथे येऊन शेजारी बसणारं माणूस हवं असतं, आणि ते येतं.

वादळात तो मनोरा खिळखिळा होतो आणि नगराध्यक्ष झालेली राणी तो पाडून टाकते. पुढे तीच गावातल्या मुलांसाठी नवं खेळाचं मैदान बांधायला काढते. तिचं त्या पोरावर प्रेम नाही असं मुळीच नाही. पण त्याचा स्वतःचा किल्ला त्याच्याजवळ राहू द्यावा, हे तिला जमत नाही. आजारी मुलीच्या उशाशी बसून हे बघताना मी थोडी दचकले. तिच्या खोलीत मी न विचारता काय काय आवरलं आणि फेकलं होतं, त्याची मनात यादी सुरू झाली.

आता ड्रॅगन.

सहाव्या भागात एक साधा मेंढपाळ ड्रॅगनला मारतो. त्याचा जुळा भाऊ राजपुत्र होता, तो मेला, म्हणून याला त्याच्या जागी उभं केलेलं आहे. ड्रॅगन मेल्यावर त्याला सोन्याने भरलेलं नशीब मिळायला हवं, परीकथेचा कायदाच तसा. पण त्याला उभं करणाऱ्या राजाला मायडास राजाच्या सोन्याची गरज आहे. तो मेंढपाळाला सांगतो, मायडासच्या मुलीशी लग्न कर, नाहीतर तुझा आणि तुझ्या आईचा जीव जाईल. ड्रॅगनच्या गुहेतून तो जिवंत बाहेर येतो आणि वाड्यात कैद होतो. हाच पुढे स्नो व्हाइटचा राजपुत्र. त्या रात्री मुलगी म्हणाली, "ड्रॅगन बरा, तो निदान आग ओकतो ते दिसतं तरी."

ड्रॅगन या शब्दाचं मूळ ग्रीक 'द्राकोन'. त्याचा संबंध बघण्याच्या धातूशी जोडतात. टक लावून बघणारा, डोळ्यांत तेल घालून राखण करणारा सर्प. धनावर बसलेल्या आपल्या नागाशी त्याचं नातं इथे जुळतं. ख्रिस्ती युरोपात मात्र तो सैतानाचं रूप झाला. तेराव्या शतकातल्या 'गोल्डन लेजंड' या संतचरित्रांच्या संग्रहात संत जॉर्जची कथा आहे. एका नगराजवळच्या तळ्यात ड्रॅगन राहतो. लोक त्याला रोज दोन मेंढ्या देतात. मेंढ्या कमी पडू लागतात तेव्हा चिठ्ठ्या टाकून पोरं द्यायला लागतात. एक दिवस राजकन्येची चिठ्ठी निघते आणि जॉर्ज तिथे येतो. तो ड्रॅगनला भाल्याने जखमी करतो आणि राजकन्येला सांगतो, तुझा कमरपट्टा याच्या गळ्यात अडकव. मग तो भयंकर प्राणी पाळीव जनावरासारखा तिच्यामागून नगरात चालत येतो. त्यानंतर त्याला मारतात. ही कथा वाचताना सगळ्यांचं लक्ष भाल्याकडे जातं. माझं त्या कमरपट्ट्याकडे गेलं, आणि त्याआधी चिठ्ठ्या टाकणाऱ्या शहाण्या नगराकडे. आपली भीती भागवायला त्यांनी स्वतःची मुलं पणाला लावली होती.

निद्रिस्त राजकन्येच्या मूळ कथांत शाप देणारी परी ड्रॅगन होत नाही. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या संग्रहातल्या कथेत नाही, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातही नाही. १९५९ मधल्या डिस्नीच्या चित्रपटात शाप देणारी परी मॅलेफिसंट शेवटी काळा-जांभळा ड्रॅगन बनली आणि तेव्हापासून ती जगाच्या मनात तशीच राहिली. 'वन्स अपॉन अ टाइम'ने तीच मॅलेफिसंट घेतली. दुसऱ्या भागात ती रेजिनाची मैत्रीण म्हणून दिसते, बहुधा एकमेव. शाप तिच्याजवळ असतो आणि तो वापरू नकोस असं ती विनवते. रेजिना तो हिसकावून नेते.

त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, ते पहिल्या पर्वाच्या शेवटी कळतं. हेन्री विषारी सफरचंदाचा पदार्थ खाऊन मरणाच्या दारात आहे. त्याला वाचवणारं औषध एका ड्रॅगनच्या पोटात आहे. आणि तो ड्रॅगन गावाबाहेरच्या डोंगरात वगैरे नाही. तो गावाच्या मधोमध, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, बंद पडलेल्या ग्रंथालयाच्या पोटात आहे. एमा जुन्या लिफ्टच्या पाळण्यातून खाली उतरते. वर पुस्तकांवर धूळ, खाली गुहा. अठ्ठावीस वर्षं लोक या रस्त्यावरून ये-जा करत होते, थांबलेल्या घड्याळाकडे बघत होते आणि पायाखाली मॅलेफिसंट जिवंत होती. जिला मैत्रीण म्हटलं तिला गाडून वर ग्रंथालय बांधलं आणि त्याला कुलूप लावलं, या एका चित्रात मला त्या मालिकेचं सगळं मर्म दिसलं. जे सहन होत नाही ते आपण गोष्टींच्या खाली लपवतो. मग त्या गोष्टीही उघडता येत नाहीत.

एमाच्या हातात वडिलांची तलवार असते. ती टाकून देऊन आधी ती पिस्तूल चालवते, कारण ती आपल्या काळातली आहे. त्याचा उपयोग होत नाही. शेवटी ती तलवार फेकते, ड्रॅगनची राख होते आणि सोनेरी अंडं हाती येतं. परीकथा इथे संपायला हवी. पण ते अंडंही तिच्याकडून फसवून काढून घेतलं जातं. ती रिकाम्या हाताने रुग्णालयात पोचते आणि हेन्रीच्या कपाळाचं चुंबन घेते. तो डोळे उघडतो आणि अठ्ठावीस वर्षांचा शाप तुटतो. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मग ड्रॅगनला उगाच मारलं?"

मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. त्या दिवशी ताप नव्हता.

कावीळ उतरली, शाळा सुरू झाली, पण रात्री जेवणानंतर एक भाग हे सुरूच राहिलं. नवरात्राच्या सुमारास आम्ही चौथ्या पर्वात होतो. तिथे मॅलेफिसंट राखेतून परत येते आणि जुनी हकिकत उघडी पडते. एमाच्या जन्माआधी स्नो व्हाइट आणि तिच्या नवऱ्याला कळतं की होणारं बाळ जसं चांगलं निघू शकतं तसं वाईटही. त्यांना ते सोसवत नाही. बाळातला अंधार काढायचा तर तो दुसऱ्या कुठल्या तरी जिवात घालावा लागणार. म्हणून ते मॅलेफिसंटच्या किल्ल्यात शिरतात आणि तिचं अंडं पळवतात. ती, एक आई, दुसऱ्या होणाऱ्या आईपुढे गयावया करते. नंतर परत देऊ म्हणत ते अंडं नेतात. मंत्राने एमातला अंधार त्यात उतरतो आणि अंडं दुसऱ्या जगात जाऊन पडतं. त्यातली मुलगी लिली परक्या घरात वाढते, आणि आपण जे करू ते बिघडतंच, हे कोडं तिला कधी सुटत नाही. जगातल्या सगळ्यात भल्या जोडप्याने आपलं बाळ स्वच्छ राहावं म्हणून दुसऱ्याचं बाळ काळवंडून टाकलं.

भाग संपला तरी मुलगी उठली नाही. आजारपणात माझ्या सासूबाईंनी तिची दृष्ट काढली होती. मीठ-मोहऱ्यांची मूठ तीनदा उतरवून गॅसवर टाकली होती, तडतड आवाज झाला होता आणि तिला तेव्हा फार गंमत वाटली होती. ती आता आजीच्या खोलीत गेली आणि दारातच उभं राहून विचारलं, "आजी, माझी दृष्ट काढलीस ना, ती गेली कुठे? दुसऱ्या कुणाला लागली का?"

सासूबाई जपमाळ हातात धरून क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं बाई. जळली ती. म्हणूनच विस्तवात टाकायची. तिठ्यावर टाकायची नसते, कुणाच्या तरी पायाखाली येते."

अडाणीपणा म्हणून मी जिकडे दुर्लक्ष केलं होतं, त्यात एवढा विचार होता. तिठ्यावर ठेवलेला उतारा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. लिंबू, नारळ, हळदकुंकू. आपली पीडा त्यात उतरवायची आणि मागे वळून न बघता घरी यायचं. पुढे तो कुणी ओलांडला ते आपल्याला दिसत नाही. स्नो व्हाइटनेही मागे वळून बघितलं नव्हतं. आणि हे फक्त लिंबू-नारळाचं नाही. पोर हट्टाला पेटलं की घरात हटकून निघणारं वाक्य आठवा, "ही कुणावर गेली आहे?" राग माहेरच्या अंड्यात घालायचा की सासरच्या, एवढाच वाद असतो. आमच्या घरात तो एका आत्याच्या नावावर जमा होता. ती लग्न न करता एकटी राहिली, फटकळ होती. आम्हा मुलांपैकी कुणी उलटून बोललं की "आत्यावर गेलीस" असं म्हटलं जाई. सगळ्या घराचा राग तिच्या एकटीच्या खात्यावर टाकून आम्ही सगळे शांत स्वभावाचे झालो होतो. ती गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. तिच्या बाजूने ती गोष्ट कशी दिसत असेल, हे विचारायला मी कधी लिफ्टने खाली उतरले नाही.

आपल्याकडे कालिया नाग आहे. कृष्ण त्याच्या फण्यांवर नाचतो, पण त्याच्या बायका हात जोडून पुढे येतात तेव्हा त्याला जीवदान देऊन रमणक द्वीपावर जायला सांगतो. लहानपणी मला त्या नागपत्नी कथेत कशाला आहेत ते कळत नसे. आता वाटतं, कथाकाराने फार मोठं काम तिथे केलं आहे. सर्पाला घर आहे, त्याच्यासाठी रडणारी माणसं आहेत, हे त्याने आपल्याला बघायला लावलं. संत जॉर्जच्या ड्रॅगनला कुणी नव्हतं. या मालिकेने ड्रॅगनला आई केलं, तेव्हा पाश्चात्त्य परीकथेतली शतकांची एक उणीव भरून निघाली असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीने सोसायटीच्या मागच्या बाजूला किल्ला केला. दगड, विटा, पोत्याचे तुकडे, त्यावर चिखल. अळीव पेरले, ते तीन दिवसांत उगवले. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली तळं. बाजारातून आणलेला मातीचा वाघही होता. प्रत्येक किल्ल्याला पायथ्याशी वाघाची गुहा लागते. आम्ही करायचो तेव्हाही लागायची, का ते कुणी विचारलं नाही. गुहा नसेल तर किल्ला पुरा वाटत नाही, एवढंच माहीत होतं.

ती गुहा करताना मी जवळ बसले होते. दोन विटा उभ्या लावून वर फरशीचा तुकडा ठेवला, ओल्या चिखलाने बोटांनी कडा सारख्या केल्या. मग वाघ आत ठेवला, तोंड बाहेर करून. थोडा वेळ बघितलं. उरलेल्या चिखलातून सुपारीएवढा गोळा घेतला, तळहातावर फिरवून फिरवून गुळगुळीत लांबट केला आणि वाघाच्या पोटाशी ठेवला.

मी विचारलं, "वाघ कुठे अंडं घालतो?"

"हे त्याचंच आहे असं नाही," ती म्हणाली, "पण कुणी न्यायला नको."

संध्याकाळी सगळ्या पोरांनी आपापल्या किल्ल्यांवर पणत्या लावल्या. बुरुजावर एक, दरवाजात एक, महाराजांपुढे एक. हिने चौथी पणती गुहेच्या तोंडाशी ठेवली. वारा होता, ती विझायला लागली, तशी मी हाताचा आडोसा धरून बसले.